धडधड कायमची थांबवायला किती खर्च येतो? खानदेशातून ॲब्लेशनला निघण्यापूर्वी

जळगावच्या किंवा धुळ्याच्या हृदयरोगतज्ज्ञाने कागदावर ‘ईपी स्टडी आणि आरएफ ॲब्लेशन’ (हृदयातल्या विजेच्या वाटांची तपासणी, आणि बिघडलेली जागा उष्णतेने निकामी करणं) असं लिहून दिलं, की घरात पहिला प्रश्न निघतो तो पैशांचा. मग नाशिकला फोन होतो, पुण्यातल्या भाच्याला विचारलं जातं, मुंबईत कुणाची तरी ओळख काढली जाते. एक जण सांगतो लाखभर, दुसरा सांगतो पाच लाख. दोघंही खरं सांगत असू शकतात. ॲब्लेशन हे एकाच आजाराचं ऑपरेशन नाही. हृदयाचा ताल चार-पाच वेगवेगळ्या तऱ्हांनी बिघडतो. प्रत्येक बिघाडाचा खर्च वेगळा, गुण येण्याची शक्यता वेगळी आणि पुन्हा टेबलावर जावं लागण्याची शक्यताही वेगळी. म्हणून ‘किती लागतील’ हे विचारण्याआधी ‘मला नेमका कोणता बिघाड आहे’ हे विचारून घ्या. ते कळल्याशिवाय मिळालेल्या कुठल्याही आकड्यावर शेत गहाण टाकू नका.

हा बिघाड ओळखून देणारी वस्तू दोन-तीनशे रुपयांची आहे: धडधड चालू असतानाचा ईसीजी. अमळनेर, चोपडा, शिरपूर, साक्री, तालुक्याच्या कुठल्याही बऱ्या दवाखान्यात तो निघतो. सरकारी रुग्णालयात तर नाममात्र खर्चात. धडधड थांबल्यावर काढलेला ईसीजी बऱ्याचदा अगदी नॉर्मल येतो. मग ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगून रुग्णाला घरी पाठवलं जातं. बायकांच्या वाट्याला हे जास्त येतं. ठोके दीडशे-दोनशेवर जाऊन अर्ध्या तासाने आपोआप थांबतात, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत झालेलं असतं, आणि वर्षानुवर्षं झोपेच्या नाहीतर मनाच्या गोळ्या चालू राहतात. काही घरांत ‘बाहेरचं लागलंय’ म्हणून वेगळाच खर्च होतो. हे थांबायला हवं. धडधड सुरू झाली की थेट जवळच्या ईसीजी मशीनकडे जा. नंबर लागण्याची वाट पाहू नका, ‘आत्ता धडधड चालू आहे’ हे आत शिरतानाच सांगा.

ईसीजीची पट्टी जपण्याबद्दलही सांगायला हवं, कारण तिच्यावर पुढचे लाखो रुपये ठरतात. ईसीजीचा कागद उष्णतेने छापला जातो. त्यामुळे मे महिन्यातल्या खानदेशी उन्हात मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेली पट्टी काळवंडते, आणि कपाटात ठेवलेली चार-सहा वर्षांत फिकी पडते. चांगली राहावी म्हणून लोक तिचं लॅमिनेशन करून आणतात, आणि त्या गरम रोलरमधून ती पूर्ण काळी होऊन बाहेर येते. लॅमिनेशन करू नका. त्याच दिवशी उजेडात सपाट ठेवून फोटो काढा, नाव, तारीख आणि वेळ दिसू द्या, आणि तो फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. दवाखान्यात धडधड थांबवायला एडेनोसिनचं इंजेक्शन देणार असतील, तर ते देत असताना मशीन चालू ठेवायची विनंती करा. धडधड कशी तुटली हे त्या काही सेकंदांच्या पट्टीवर दिसतं, आणि ईपीच्या डॉक्टरांना त्यातून अर्धं निदान मिळतं.

गुण किती आणि कशाला

अचानक बटण दाबल्यासारखी सुरू होणारी, अगदी नियमित आणि तशीच अचानक थांबणारी धडधड बहुतेक वेळा हृदयातल्या जादा वाटेमुळे असते. कधी ती वाट एव्ही नोडमध्येच (वरच्या कप्प्यांतून खाली वीज नेणाऱ्या नेहमीच्या गाठीत) असते, कधी जन्मतः वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारी एखादी तार राहून गेलेली असते. जांघेतल्या शिरेतून बारीक वायर हृदयापर्यंत नेतात, यंत्राने मुद्दाम तीच धडधड जागी करतात (टेबलावरचा रुग्ण पुष्कळदा ओळखूनच सांगतो, ‘हीच ती’), वाट शोधतात आणि रेडिओ लहरींच्या उष्णतेने काही मिलिमीटरची जागा निकामी करतात. हा उपचार १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून जगभर रुळलेला आहे. एव्ही नोडच्या प्रकारात ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांना एकाच खेपेत गुण येतो. जादा तारेत ही शक्यता साधारण ९० ते ९५ टक्के असते, ती तार कुठे आहे यावर थोडी कमी-जास्त. पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण काही टक्के. मूळ वाहिनीलाच धक्का लागून पेसमेकर बसवावा लागण्याचा धोका एव्ही नोडच्या प्रकारात सुमारे एक टक्का किंवा त्याहून कमी. या गटातल्या रुग्णांनी गोळ्या थकेपर्यंत थांबायची गरज नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये ॲब्लेशन हा इथे पहिल्या पसंतीचा पर्याय आहे. पंचविशीतल्या मुलीला पुढची चाळीस वर्षं रोज गोळी घ्यायला लावण्यापेक्षा एकदाचा हा खर्च मला केव्हाही परवडणारा वाटतो, लग्न आणि बाळंतपण पुढे असेल तर जास्तच.

तोपर्यंत या गटासाठी जवळजवळ फुकटचा एक उपाय आहे. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिव्हर्ट चाचणीत ४२८ रुग्ण होते. १० मिलिची सिरिंज तोंडात धरून, तिचा दांडा हलेल इतक्या जोराने पंधरा सेकंद फुंकायचं, आणि लगेच आडवं होऊन कुणाकडून तरी दोन्ही पाय पंधरा सेकंद वर धरून घ्यायचे. या रीतीने ४३ टक्के रुग्णांची धडधड थांबली, नुसतं बसून फुंकणाऱ्यांत १७ टक्क्यांची. निदान पक्कं झाल्यावर ही रीत डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्या. रावेर-यावलच्या मळ्यातून दवाखाना तासाभरावर असतो, तिथं हिचा मोठा आधार आहे.

‘टिपिकल फ्लटर’ नावाच्या बिघाडात उजव्या कप्प्यात गोल फिरणारी एकच वाट असते. तिथेही नव्वद टक्क्यांच्या वर यश आहे. मात्र यांच्यापैकी बऱ्याच जणांना पुढे काही वर्षांत एट्रियल फिब्रिलेशन होतं, म्हणून फ्लटर गेला तरी तपासण्या सोडायच्या नाहीत.

खरा घोळ होतो तो एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे एएफमध्ये. नाडी पूर्ण वेडीवाकडी, दोन ठोक्यांत काही मेळ नाही. सर्वांत महाग ॲब्लेशन याचं, आणि शंभर टक्के खात्री कुणी देत असेल तर ती याच ठिकाणी नाकारायची. फ्रान्समधल्या बोर्दोच्या हाइसागेर यांच्या पथकाने १९९८ मध्ये दाखवून दिलं, की अधूनमधून येणाऱ्या एएफची ठिणगी बहुतेक वेळा फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. तेव्हापासून त्या शिरांभोवती विजेची कुंपणं घालणं हेच या ॲब्लेशनचं मुख्य काम झालं. औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवरची २०१० ची एक चाचणी बोलकी आहे. १६७ रुग्ण होते, प्रत्येकाचं किमान एक औषध फसलेलं होतं. नऊ महिन्यांनंतर ॲब्लेशन झालेल्यांपैकी ६६ टक्के जणांचा एएफ परतला नव्हता; दुसरं औषध बदलून दिलेल्यांत हेच प्रमाण १६ टक्के होतं. जाळण्याऐवजी गोठवणारा क्रायो फुगा चांगला की रेडिओ लहरी, या प्रश्नावर २०१६ मध्ये ७६२ रुग्णांची चाचणी झाली. वर्षभरात फसण्याचं प्रमाण एकीकडे ३४.६ टक्के, दुसरीकडे ३५.९. म्हणजे तंत्राच्या नावाखाली जादा पैसे मोजण्याआधी विचार करा. तीनातल्या एकाला परत त्रास होतो, हे दोन्हीकडे सारखंच आहे. एएफ सतत राहणारा असेल, डावा कप्पा फार मोठा झाला असेल, तर यश आणखी खाली येतं.

पण ‘फसलं’ म्हणजे काय, हेही समजून घ्यायला हवं. या अभ्यासांत तीस सेकंदांचा एएफ दिसला तरी ती केस फसली असं धरतात. कॅनडातल्या सर्का-डोस चाचणीत ३४६ रुग्णांच्या कातडीखाली ठोके नोंदवणारं छोटं यंत्र बसवलं होतं. वर्षभरात पूर्ण निर्दोष राहिलेले निम्म्याहून थोडेच अधिक निघाले, पण एएफमध्ये जाणारा एकूण वेळ ९८ टक्क्यांहून अधिक घटला होता. ज्याला आठवड्यातून दोनदा इमर्जन्सीत न्यावं लागत होतं, त्याला वर्षातून एखाद-दोन वेळा थोडी धडधड झाली, तर घरच्यांच्या दृष्टीने ते यशच आहे. पैसे भरण्याआधी डॉक्टरांना विचारा, ‘तुम्ही यश कशाला म्हणता, आणि तुमच्या स्वतःच्या रुग्णांत दुसऱ्यांदा किती जणांना करावं लागतं?’ चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही. आणि एएफच्या ॲब्लेशनचं बजेट मांडताना दुसऱ्या खेपेचा विचार मनात ठेवूनच मांडा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट तपासायची असते. लहानपणच्या सांधेतापाने झडप आकसली असेल, तर त्या एएफचं मूळ झडपेत आहे. आधी झडपेचा इलाज. अशा रुग्णांना रक्त पातळ करण्याची नवी महाग औषधंही चालत नाहीत: २०२२ च्या इन्व्हिक्टस चाचणीत साडेचार हजारांवर रुग्णांत आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) तपासून द्यायची जुनी औषधंच सरस ठरली. म्हणून इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट पाहिल्याशिवाय कुणी एएफ ॲब्लेशनचा आकडा सांगत असेल, तर तिथून उठा.

हार्ट ॲटॅकनंतर राहिलेल्या व्रणातून उठणारी व्हीटी, म्हणजे खालच्या कप्प्यांतली जलद धडधड, ही यातली सर्वांत गंभीर. २०१६ च्या व्हॅनिश चाचणीत छातीत आयसीडी (झटका देऊन ताल पूर्ववत करणारं) यंत्र असूनही आणि औषधं चालू असूनही व्हीटी येणारे २५९ रुग्ण होते. मृत्यू, व्हीटीचं वादळ किंवा यंत्राचा झटका, यांपैकी काहीतरी घडलेले ॲब्लेशन गटात ५९.१ टक्के आणि औषध वाढवलेल्या गटात ६८.५ टक्के. फायदा आहे, पण मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. इथं ॲब्लेशनचा उद्देश झटके कमी करणं हा असतो. आयसीडी काढून टाकता येत नाही. हे काम सरावलेल्या मोठ्या केंद्रातच करायचं, अंतर आणि पैसा वाचवायला बघू नका.

बिलाचा कागद समोर ठेवून

जळगाव-धुळ्यात कॅथलॅब आहेत, अँजिओप्लास्टी होतात. ॲब्लेशनला मात्र त्याच टेबलाशेजारी ईपी रेकॉर्डिंगची यंत्रणा, बऱ्याच केसेसमध्ये थ्रीडी मॅपिंग, आणि ईपीचं वेगळं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर लागतो. म्हणून खानदेशातली माणसं नाशिक, छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई, नाहीतर सुरत-इंदूर गाठतात. खासगी रुग्णालयांतले ढोबळ आकडे असे धरा: जादा वाटेचं साधं ॲब्लेशन एक ते दोन लाख, थ्रीडी मॅपिंग लागलं तर अडीच ते चार लाख, एएफ किंवा गुंतागुंतीची व्हीटी चार ते सहा लाख, काही ठिकाणी त्याच्याही वर. पल्स्ड फील्ड हे २०२३-२४ पासून जगभर जोरात आलेलं नवं तंत्र आणखी महाग पडतं. अन्ननलिका आणि मज्जातंतूंना त्याने इजा कमी होते, म्हणून त्याला मोल आहे; पण साध्या जादा वाटेसाठी त्याची गरज नाही.

या रकमेचा मोठा वाटा कॅथेटरचा असतो. स्टेंटच्या किमतीवर सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. ॲब्लेशनच्या कॅथेटरवर तशी मर्यादा नाही. त्यामुळे अंदाजपत्रकात फक्त ‘पॅकेज’ असा एक शब्द आणि एक आकडा असेल, तर तो फोडून मागा. कॅथेटर किती आणि कोणते, मॅपिंगचे पॅच आत धरलेत का, भूल, लॅबचं भाडं, डॉक्टरांची फी, खोलीचे दिवस. आणि तीन प्रश्न लेखी विचारा. पहिला, कॅथेटर नवा की निर्जंतुक करून पुन्हा वापरलेला? आपल्या देशात पुनर्वापर अनेक ठिकाणी होतो, खर्च कमी ठेवायचा तो एक मार्ग आहे, नीट केला तर गरिबाच्या उपयोगी पडतो; पण पैसे नव्याचे आणि वस्तू वापरलेली, हे चालणार नाही. नवा असेल तर त्याचा स्टिकर बिलाला लावलेला हवा. दुसरा, ईपी स्टडीत धडधड जागीच झाली नाही तर बिल किती? तसं काही वेळा होतं, आणि न फोडलेल्या ॲब्लेशन कॅथेटरचे पैसे तुमच्याकडून घेतले जाऊ नयेत. तिसरा, काही महिन्यांत परत त्रास झाला तर दुसऱ्या खेपेला सवलत आहे का?

धडधड जागी न होण्याचं एक टाळता येण्यासारखं कारण म्हणजे ठोक्यांच्या गोळ्या ठरलेल्या दिवसापर्यंत चालू राहणं. कोणती गोळी किती दिवस आधी बंद करायची, हे तारीख घेतानाच लिहून घ्या. रक्त पातळ करणारं औषध मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही थांबवायचं नाही.

पैसे कुठून

महाराष्ट्रातली सरकारी आरोग्य योजना धुळेकरांना नवी नाही. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होतं. जळगाव नोव्हेंबर २०१३ मध्ये उरलेल्या राज्याबरोबर आलं. २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आयुष्मान भारतशी जोडल्यानंतर आता पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं, आणि १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डावरचं कुटुंबही तिच्यात बसतं. एवढ्यावर निर्धास्त होऊन गाडीत बसू नका. रुग्णालय योजनेत आहे म्हणजे तिथं तुमची ही प्रक्रिया योजनेत होतेच असं नाही. निघण्याआधी १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर फोन करा, मग त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राशी बोला, आणि ईपी स्टडी व आरएफ ॲब्लेशनचं पॅकेज तिथं मंजूर होतं का, थ्रीडीचे कॅथेटर त्यात येतात की वर पैसे मागतात, हे विचारा. रेशनकार्ड, आधार, धडधडीच्या वेळचा ईसीजी, इको आणि आधी घेतलेल्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, एवढं मंजुरीसाठी जवळ ठेवा. सुरत-इंदूरला जायचं असेल तर आयुष्मानच्या यादीत नाव आहे का, ते आधी तपासा, कारण राज्याच्या पैशातला लाभ तिकडे मिळत नाही.

योजनेत जमलं नाही तर धर्मादाय रुग्णालयांचा मार्ग आहे. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली आणि उच्च न्यायालयाने लावून दिलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार. मुंबई-पुण्यातली कितीतरी नावाजलेली मोठी रुग्णालयं धर्मादाय आहेत, आणि दारात शिरल्यावर हे कुणी आपणहून सांगत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घरूनच काढून न्या, समाजसेवा विभागात भरतीच्या आधी जा. डिस्चार्जच्या दिवशी गेलात तर उपयोग होत नाही. मुंबईच्या केईएमसारख्या पालिकेच्या शिकवणाऱ्या रुग्णालयात ईपीचं काम जुनं आणि पक्कं आहे. खर्च खासगीच्या मानाने कितीतरी कमी, मात्र नंबर लागायला वेळ आणि दोन-तीन फेऱ्या धराव्या लागतात. विमा असेल तर ‘औषधांना दाद न देणारा’ हे शब्द आणि फसलेल्या औषधांची नावं-डोस डॉक्टरांच्या पत्रात असू द्या. पॉलिसी घेताना जुनी धडधड लपवली असेल तर दावा तिथंच अडकतो.

जाण्यायेण्याचा खर्च तुलनेने किरकोळ, तरी दोन माणसांच्या दोन-तीन फेऱ्यांचा होतोच. धुळ्याहून नाशिक सुमारे दीडशे किलोमीटर, एसटीने जाता येतं. महिलांना निम्मं भाडं, पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत. जळगाव-भुसावळहून मुंबईला रात्रीची रेल्वे सोयीची. हृदयशस्त्रक्रियेला जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेत सवलत आहे. ठरावीक नमुन्यातला दाखला रुग्णालय देतं का, तारीख घेतानाच विचारा.

परत आल्यावर

साधं ॲब्लेशन झालेला माणूस बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी येतो. आठवडाभर जड उचलणं, उकिडवं बसणं, मोटारसायकलला किक मारणं बंद. जांघेत गाठ वाढली, रक्त आलं, पाय गार पडला तर लगेच दाखवायचं. एएफच्या ॲब्लेशननंतर पहिले दोन-तीन महिने ठोके अधूनमधून बिघडतात, भाजलेली जागा भरून येत असते. त्यावरून ऑपरेशन फसलं असं ठरवू नका. नंतरचा होल्टर (दिवसभराचे ठोके नोंदवणारी तपासणी) जळगावात किंवा धुळ्यात दीड ते तीन हजारांत होतो, त्यासाठी पुन्हा मुंबई गाठायची गरज नाही. रिपोर्ट पाठवून चालतं. आणि ठोके सुधारले म्हणून रक्त पातळ करणारी गोळी बंद होत नाही. किमान दोन-तीन महिने सगळ्यांना, आणि वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा लकवा यांच्या हिशोबात धोका असेल त्यांना पुढेही. ही गोळी खर्चात धरा; जेनेरिक आणि नावाजलेल्या कंपनीच्या किमतीत मोठी तफावत असते, डॉक्टरांना विचारून बदलता येते.

एका दुर्मीळ धोक्याबद्दल घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, कारण तो ओळखायची जबाबदारी गावच्या डॉक्टरवर येऊन पडते. एएफच्या ॲब्लेशनमध्ये डाव्या कप्प्यामागच्या अन्ननलिकेला उष्णता लागून, एक ते सहा-आठ आठवड्यांनी दोघांमध्ये भोक पडू शकतं. हजारात एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी जणांना. ताप येतो, गिळताना दुखतं, छातीत दुखतं, कधी लकव्यासारखी लक्षणं दिसतात. आपल्याकडे असा ताप टायफॉइड नाहीतर डेंग्यू समजून सलाइनवर चार दिवस काढले जातात. अशा वेळी पहिलं वाक्य ‘दीड महिन्यापूर्वी ॲब्लेशन झालंय’ हे असायला हवं. तोंडातून दुर्बीण घालू द्यायची नाही, तिच्यासोबत आत जाणारी हवा जिवावर बेतू शकते. छातीचा सीटी स्कॅन करायचा आणि त्याच तासाला ॲब्लेशन केलेल्या डॉक्टरांना फोन लावायचा. तो नंबर डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, रात्रीही उचलला जातो ना हे निघतानाच विचारा, आणि कार्डाचा फोटो त्या ईसीजीच्या फोटोंशेजारी ठेवा.